कोट सक्तीचा आहे

"ह्या जानेवारीत आपण मार देल प्लाताला जायचं," बटाटे सोलता सोलता नेलिदाने जाहीर केलं. "चार दिवस. एकदा पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवायचं, एकदा थिएटरात बसून खेळ बघायचा आणि एकदा कॅसिनोत जायचं. आणि हो, आई येतेय."

रेमिहिओ स्कार्पेलीने पहिली तीन कलमं शांतपणे ऐकून घेतली. चौथ्या कलमाला त्याच्या हातातली सुई अंगुस्तानावरून घसरली आणि थेट बोटात गेली. अठ्ठावीस वर्षांच्या शिवणकामात असं तिसऱ्यांदा घडत होतं, आणि तिन्ही वेळा विषय सासूबाईंचा, डोन्या असुन्ताचाच होता.

नाही म्हणायला जागा नव्हती. त्यांच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि बानफील्डमधल्या त्यांच्या गल्लीत मार देल प्लाताचा समुद्र न पाहिलेली दोनच घरं उरली होती. एक स्कार्पेलींचं. दुसऱ्या घरातल्या बाई ब्याण्णव वर्षांच्या होत्या आणि अंथरुणावरून उठत नव्हत्या. दोन्ही मुलींची लग्नं होऊन गेली होती, कुत्रा मागच्याच वर्षी गेला होता. सबब म्हणून पुढे करायला घरात आता एक फर्नचं झाड तेवढं राहिलं होतं.

रेमिहिओ पँटवाला होता. हे आधीच नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ ह्यातूनच झाला. राजधानीतल्या ज्या मोठ्या शिंप्याकडे तो कामाला होता, तिथे कोटवाले खिडकीपाशी उजेडात बसत आणि पँटवाले मागे, इस्त्र्यांच्या वाफेत. कोटवाल्याला गिऱ्हाईक 'उस्ताद' म्हणे. पँटवाल्याला गिऱ्हाईक काहीच म्हणत नसे, कारण तो गुडघ्यावर बसून माप घेत असायचा आणि गिऱ्हाईक आरशात बघत असायचं. "पँट म्हणजे काय रे," कोटवाले चिडवत, "दोन नळ्या आणि वर एक पट्टा!" रेमिहिओ खाली मान घालून टाके घालत राही. पण कोट ह्या वस्तूशी त्याचं जे वाकडं झालं होतं, ते कायमचं. त्याच्याकडे लग्नातला एक कोट होता. त्याची बटणं आणि काजं गेली पंधरा वर्षं एकमेकांना भेटली नव्हती.

तेव्हा ह्या सहलीसाठी त्याने स्वतःला एक पँट शिवली. पातळ राखाडी लोकर, पुढे दोन चुण्या, आणि इस्त्रीची घडी अशी, की नेलिदाने तिच्यावरून बोट फिरवलं आणि "कापेल हं!" म्हणून मागे घेतलं.

"आणि वर काय घालणार?" तिने विचारलं.

"शर्ट."

"कोट?"

"भर उन्हाळ्यात? समुद्रावर? कोट?" रेमिहिओ हसला. बराच वेळ हसला. ह्या हसण्याची आठवण पुढे त्याला फार ठिकाणी झाली.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे डोन काएतानो इबार्लुसेआ रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "गाडीत डाव्या बाजूला बसा. उजवीकडे ऊन येतं. आणि कॅसिनोत रुलेटच्या चक्रावर आपल्या डब्याचा नंबर लावा. हा माझा हमखास उपाय."

"तुम्ही जिंकलात कधी?"

"मी कशाला जिंकू? मी कधी गेलोच नाही. डोकं वापरणारा माणूस लांबूनसुद्धा सांगू शकतो."

औषधांच्या दुकानातल्या बाईंनी थिएटरची तिकिटं आधीच पोस्टाने मागवायला लावली, त्यामुळे मिळाली ती वरच्या सज्जात, खांबामागे. कसायाने मासे खाऊ नका म्हणून सांगितलं. पाववाल्याने वाऱ्यापासून कान सांभाळा म्हणून सांगितलं. नंतर रेमिहिओने मनातल्या मनात मोजलं, तेव्हा एकंदर अकरा जणांनी त्याला सल्ला दिला होता. कान, पोट, पाकीट, छत्री, सगळं आलं होतं. कोट हा शब्द एकाच्याही तोंडून बाहेर पडला नव्हता.

राहायची सोय 'ला अगुहा', म्हणजे 'सुई', ह्या शिवणकाम करणाऱ्यांच्या परस्पर-साहाय्य मंडळाच्या विश्रामगृहात होती. त्याचा अर्ज भरायला रेमिहिओ अर्ध्या दिवसाची रजा काढून गेला. जाळीमागे जी बाई बसली होती तिने सदस्यपत्र बघितलं, लग्नाचा दाखला बघितला, आणि मग डोन्या असुन्ता ह्या नावापाशी येऊन थांबली.

"ही कोण?"

"सासूबाई."

"अर्जात सासू नाही."

"असायला हवी."

"अर्जात सभासद आहे, पत्नी आहे आणि दहा वर्षांखालील मूल आहे. सासू नाही." बाईंनी टाइपरायटर पुढे ओढला. "तुमच्यावर अवलंबून आहेत का त्या?"

रेमिहिओने विचार केला. खरं म्हणजे उलटंच होतं, पण ते ह्या बाईला कशाला सांगा. "आहेत," तो म्हणाला.

"मग मूल. वय?"

"शहात्तर."

टाइपरायटरने सात आकडा उमटवला. सहाचं बटण अडकलं. बाईंनी दोनदा दाबून बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

अशा तऱ्हेने डोन्या असुन्ता कालाब्रेसे, सात वर्षं, जावयाच्या बोटाला धरून मार देल प्लाताला पोचल्या. विश्रामगृहात तिघांचे खरे कागद व्यवस्थापकाने कपाटात कुलूपबंद केले आणि प्रत्येकाला मंडळाचं कार्ड दिलं. खोलीत दोन पलंग होते आणि एक पाळणा. दुपारी बारा वाजता घंटा झाली आणि डोन्या असुन्ताला मुलांच्या पंगतीत बसवण्यात आलं. त्यांच्या गळ्याला लाळेरं बांधलं, पुढ्यात कुस्करलेला भोपळा आणि दूध ठेवलं, आणि जेवण झाल्यावर एक लाल फुगा हातात दिला.

रेमिहिओ माफी मागायला धावला. डोन्या असुन्ता फुगा मनगटाला बांधून बसल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "शहात्तर वर्षांत पहिल्यांदा मला कुणी वाढलं आणि मी उठून ताटं घासली नाहीत. तू काही बोलायला जाऊ नकोस. उद्या बाहुल्यांचा खेळ आहे म्हणे."

त्या रात्री ते बंदरावर जेवायला गेले. टेबलक्लॉथ पांढरा होता, हे खरं. टेबल मात्र स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून होतं, आणि वाढपी बाहेर आला की दार रेमिहिओच्या खुर्चीवर आपटायचं. प्रत्येक आपटण्याला तो एक वीत पुढे सरकायचा. शेवटी तो आणि नेलिदा गुडघ्याला गुडघे लावून बसले, जसे लग्नाच्या आधी बसत असत, फक्त आता मध्ये तळलेल्या माकुळाची थाळी होती. सातव्या आपटण्याला ती थाळी उडाली. त्या क्षणी रेमिहिओने जे केलं ते फक्त पँटवालाच करू शकतो. तो खुर्चीवरून उभा उडाला, पँट वाचवली आणि सगळं तेल शर्टावर झेललं.

"शर्ट नवा होता!" नेलिदा म्हणाली.

"शर्ट विकत मिळतो," रेमिहिओ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कॅसिनो आणि मग संध्याकाळचा खेळ. नेलिदा दुपारी केस करून आली. निळा पोशाख, आईने दिलेली मोत्यांची कर्णफुलं. समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावरून, रांब्लावरून, वाऱ्यात डोक्यावर हात धरून, ती अशी चालत होती की रेमिहिओला वाटलं, हिला इथे पंचवीस वर्षं आधी आणायला हवं होतं. कॅसिनोच्या दाराशी पांढरे हातमोजे घातलेला एक उंच दारवान उभा होता. त्याने नेलिदाला वाकून नमस्कार केला. मग रेमिहिओकडे बघितलं.

"कोट, साहेब."

"कुठला कोट?"

"तुमचा."

"माझ्याकडे नाहीये."

"तेच म्हणतोय मी, साहेब." त्याने हातमोज्याच्या बोटाने भिंतीवरची पितळी पाटी दाखवली. पुरुषांना कोट व टाय सक्तीचे आहेत.

टाय रेमिहिओच्या गळ्यात होता. तो एक पाऊल मागे सरला आणि उजवा पाय जरा पुढे टाकून उभा राहिला. "ही पँट बघा," तो म्हणाला. "मी स्वतः शिवलीय. असली पँट इथे आत एकाच्याही अंगावर असेल तर मी परत जातो."

दारवानाने वाकून बघितलं. माणूस प्रामाणिक होता. "पँट उत्तम आहे, साहेब. पण पँटेबद्दल नियमात काही नाही."

"म्हणजे कोट घातला आणि पँट नाही घातली तर चालतं?" मागून डोन्या असुन्ताने विचारलं.

मागची रांग हसली. दारवान हसला नाही. त्याने डोन्या असुन्ताकडे ओळखपत्र मागितलं, त्यांनी मंडळाचं कार्ड दिलं, आणि त्याने ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

"वय सात. लहान मुलांना प्रवेश नाही."

"अहो, ही माझी आई आहे!" नेलिदा म्हणाली.

"कार्डावर मूल लिहिलंय, बाई."

"मी एक्कावन्न वर्षांची आहे. माझी आई सात वर्षांची कशी असेल?"

"तो तुमच्या घरचा प्रश्न आहे, बाई. मी फक्त कार्ड वाचतो." मग तो जरा नरमला. "तुम्ही एकट्या जाऊ शकता."

नेलिदाने आत बघितलं. झुंबरं दिसत होती, हिरवी टेबलं दिसत होती, छोटा चेंडू लाकडावर घरंगळल्याचा आवाज येत होता. "एकटी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "भिंती बघू?" आणि तिथेच पायऱ्यांवर तिने दोन्ही कर्णफुलं काढली, रुमालात गाठ मारून बांधली आणि पर्समध्ये टाकली.

तिने दुसरं काही म्हटलं असतं, भांडली असती, तर रेमिहिओने ते झेललं असतं. पण ती रुमालाची गाठ त्याच्या छातीत कुठेतरी घट्ट बसली. समोर रस्त्यापलीकडे एक टपरी होती आणि तिच्यावर फळा होता : कोट भाड्याने मिळतील. अठ्ठावीस वर्षांचा स्वाभिमान गिळून रेमिहिओने रस्ता ओलांडला.

टपरीची मालकीण डोन्या हेनोवेव्हा स्टुलावर बसून कलिंगड खात होती. "उशीर केलात," ती म्हणाली. "एकच राहिलाय. एका कुस्तीगीराने सोडून दिलेला."

तपकिरी, मोठ्या चौकड्यांचा, डावा खांदा उजव्यापेक्षा तीन बोटं वर. रेमिहिओने तो घातला म्हणण्यापेक्षा तो त्यात राहायला गेला असं म्हणणं बरोबर होईल. बाह्यांतून हात बाहेर येईनात. पाठीत एवढी जागा होती की वारा शिरून तिथेच मुक्काम करत होता. त्याने आरशात बघितलं. ह्या कोटाच्या खाली गुडघ्यापासून पुढे त्याची पँट दिसत होती, आणि ती, खरं सांगायचं तर, लाजून उभी होती.

"छान दिसतोस," डोन्या असुन्ता म्हणाल्या. "तंबूत राहिल्यासारखा."

नेलिदाच्या ओठाचा कोपरा हलला. पण हसू पुरतं यायच्या आत एक बाई धावत टपरीत शिरली. गळ्यात मोजपट्टी, तोंडात चार टाचण्या, केस विस्कटलेले. ही शेजारच्या गल्लीतल्या थिएटरची कपडेवाली, सेन्योरा ओफेलिया.

"हेनोवेव्हा!" ती टाचण्यांच्या मधून ओरडली. "एकशे चाळीस किलोची पँट आहे का तुझ्याकडे?"

"मी कोट देते, बाई. पँट माणसं घरूनच घालून येतात."

"चिचोची फाटली! बूट बांधायला वाकला आणि नेफ्यापासून गुडघ्यापर्यंत फाटली! जादाची धुवायला दिलीय आणि तो लाँड्रीवाला गावाला गेलाय. सहाला पडदा वर जायचा, नऊशे तिकिटं विकली गेलीत, आणि आमचा विनोदवीर चिचो बेरासातेगी ड्रेसिंग रूममध्ये टॉवेल गुंडाळून रडतोय!"

त्या नऊशे तिकिटांपैकी तीन नेलिदाच्या पर्समध्ये होती. आता खांबामागचा खेळसुद्धा चालला. रेमिहिओने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच वाजून पाच मिनिटं. तो पुढे झाला आणि बाहीतून कसाबसा हात बाहेर काढला.

"मी पँटवाला आहे," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने आयुष्यात अनेकदा उच्चारलं होतं, पण ते ऐकून कुणी त्याच्या गळ्यात पडल्याचं त्याला आठवत नव्हतं.

थिएटरच्या मागच्या दाराने सगळे आत गेले. डोन्या हेनोवेव्हा भाड्याचा कोट नजरेआड होऊ द्यायला तयार नसल्यामुळे तीही मागोमाग. ड्रेसिंग रूममध्ये चिचो बेरासातेगी, ज्याचं नाव बाहेर दोन माणसांएवढ्या उंच अक्षरांत लिहिलं होतं, एका पडद्यामागे बसला होता. पडदा त्याला दोन्ही बाजूंनी अपुरा पडत होता.

रेमिहिओने पँट टेबलावर पसरली आणि चष्मा लावला. त्याने शिवण दोन बोटांत धरली, उलटी केली, नाक जवळ नेलं.

"ही कुणी शिवली?"

"राजधानीतल्या एका फार मोठ्या उस्तादाने," ओफेलिया म्हणाली.

"कोटवाला असणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं." रेमिहिओच्या आवाजात अठ्ठावीस वर्षांची वाफ होती. "शिवण सुटलेली नाही. कापड फाटलंय. आसनात, दोन पायांच्या जोडावर, कापडच कमी धरलंय. माणसाला उभा करून माप घेतलं आणि वाटलं, झालं काम! माणूस बसतो, वाकतो, हसताना पाय फाकतो, हे कोटवाल्याला कोण सांगणार? नुसतं शिवून उपयोग नाही, पुन्हा फाटेल. मध्ये जादा कापडाची कळी घालायला हवी. असंच कापड आहे कुठे?"

नव्हतं. पँट तपकिरी होती, मोठ्या चौकड्यांची. ओफेलियाने तीन पेट्या उपसल्या. निळं होतं, जरीचं होतं, वाघाचे पट्टे होते. मग खोलीतली सगळी माणसं हळूहळू एकाच दिशेला बघायला लागली. रेमिहिओने खाली, आपल्या बाहीकडे बघितलं. तपकिरी. मोठ्या चौकड्या.

"नाही!" डोन्या हेनोवेव्हा किंचाळली.

"थिएटर भरपाई देईल," ओफेलिया म्हणाली.

"दोन कोटांची!"

"दोन कोटांची!"

रेमिहिओने कोट काढला, टेबलावर पालथा केला आणि कात्री हातात घेतली. एखाद्या कोटाला कात्री लावायचं स्वप्न तो किती वर्षं बघत होता हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या कचकन आवाजाला त्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले, आणि पुढची चाळीस मिनिटं मान वर केली नाही. नेलिदा दोरे ओवून देत होती. ओफेलियाचं मशीन जाड कापडाला अडखळलं, तेव्हा त्याने आसनाची शिवण हाताने घेतली, दुहेरी दोरा, उलटा टाका, मेण लावून. मध्येच माप घ्यायला चिचोला पडद्याबाहेर यावं लागलं, लांब चड्डीत. तो लाजेने लाल झाला.

"त्या बाईंना जरा तोंड फिरवायला सांगा," तो पुटपुटला.

"मी सात वर्षांची आहे," डोन्या असुन्ता खुर्चीवरून म्हणाल्या. "मला काही कळत नाही."

सहाला दहा मिनिटं कमी असताना चिचोने पँट चढवली. तो एकदा वाकला. सगळ्यांनी श्वास धरला. दुसऱ्यांदा पार जमिनीपर्यंत बसला. तिसऱ्यांदा त्याने उजवा पाय टेबलावर टाकला, जे त्याने, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, लष्करातून सुटल्यापासून केलं नव्हतं. काहीही फाटलं नाही.

"उस्ताद," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ह्यात माणसाला श्वास घेता येतो."

रेमिहिओने मागे वळून बघितलं नाही. उस्ताद कोण ते त्याला ह्या वेळी पहिल्या झटक्यात कळलं होतं.

खांबामागची तिकिटं ओफेलियाने फाडून टाकली आणि तिघांना रंगमंचाला लागून असलेल्या मखमली बॉक्समध्ये बसवलं. खेळ काय होता ते रेमिहिओला विचाराल तर तो सांगू शकणार नाही. नाचणाऱ्या मुली होत्या, पिसं होती, गाणी होती. डोन्या असुन्ता टाळ्या वाजवत होत्या. तो एकटा दोन तास एका आसनाकडे बघत होता. चिचो धावला, घसरला, जिना चढला, तीन वेळा पडला. कळी प्रत्येक वेळी उघडायची आणि पुन्हा जागेवर बसायची, फुलासारखी.

शेवटच्या पडद्याला चिचो पुढे आला आणि हात वर केला. "मंडळी, आज दुपारी मी तुमच्यापुढे टॉवेलमध्ये येणार होतो," तो म्हणाला. "तुमची आणि माझी अब्रू ज्यांनी वाचवली, ते उस्ताद तिथे बसलेत. बानफील्डचे डोन रेमिहिओ स्कार्पेली! पँटवाले!"

दिव्याचा झोत बॉक्सवर आला. रेमिहिओने आधी उजवीकडे बघितलं, मग मागे.

"तूच रे," नेलिदा म्हणाली. "ऊठ."

तो उठला. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, खिशाला खडू लागलेला, गळ्यात ओफेलियाची मोजपट्टी तशीच. नऊशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. खाली बघावं, वर बघावं की हात जोडावेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने मोजपट्टी काढून नीट गुंडाळायला घेतली. टाळ्या आणखी वाढल्या. शेजारी नेलिदा पर्समधून रुमालाची गाठ सोडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओफेलियाकडे निरोप घ्यायला गेले, तर ती म्हणाली, "कोट हवाय ना तुम्हाला? कपडे टांगायची ती घोडी भरलीय. कुठलाही उचला." घोडीवर बैलांशी लढणाऱ्याचं जाकीट होतं, बँडवाल्याचं होतं, पिशाच्चाचा काळा झगा होता. रेमिहिओच्या अंगात बरोबर बसला असा एकच निघाला. गडद निळा, दोन ओळी सोनेरी बटणं, खांद्यांवर झालरी, बाहीवर चार जाड पट्ट्या. पहिल्या अंकातल्या ॲडमिरलचा. रेमिहिओने खांद्याची शिवण तपासली, बगल तपासली आणि फार नाराजीने कबूल केलं, की हा ज्याने कुणी बेतला त्याला काम येत होतं. त्याची राखाडी पँट त्याखाली अशी शोभली की ओफेलिया दोन पावलं मागे सरली.

तो आधी विश्रामगृहात गेला. आदल्या रात्री कागद मागितले तेव्हा व्यवस्थापकाने सांगितलं होतं, की कागद निघतानाच मिळतात, आणि लहान मुलांना कागद नसतातच. आज रेमिहिओ नुसता खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने तोंडही उघडलं नव्हतं. व्यवस्थापक खुर्चीतून उठला, कपाट उघडलं, डोन्या असुन्ताचे कागद दोन्ही हातांनी पुढे केले आणि विचारलं, "आणखी काही, सर?"

"पाळणा काढा," रेमिहिओ म्हणाला.

कॅसिनोच्या पायऱ्यांवर तोच दारवान होता. त्याने कोट बघितला. पितळी पाटी वाचली. पुन्हा कोट बघितला, सावकाश, खालपासून वरपर्यंत, एकेक बटण. मग डोन्या असुन्ताचे कागद हातात घेतले आणि जन्मतारखेवर बोट ठेवून बराच वेळ हिशेब केला.

"एका दिवसात फार मोठ्या झालात, बाई."

"समुद्राची हवा," डोन्या असुन्ता म्हणाल्या.

दारवानाने दार पूर्ण उघडलं. "कोट आहे, टाय आहे. या, ॲडमिरल." आणि पांढरा हातमोजा कपाळाला लावला.

नेलिदाने तांबड्यावर एक चकती लावली, हरली, आणि इतकी आनंदाने हसली की शेजारच्या म्हाताऱ्याने जिंकल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. डोन्या असुन्ता हिरव्या टेबलावरचे आकडे न्याहाळत बसल्या.

"हा तेवीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांवर चकत्या आहेत. ह्याच्यावर कुणीच नाही. बिचारा एकटा." आणि आपली चकती त्यांनी तेवीसवर ठेवली, सोबत म्हणून.

चेंडू फिरला, उड्या मारल्या, आणि तेवीसच्या घरात जाऊन झोपला. टेबलाभोवती ओरडा झाला. चकत्यांचा ढीग दांड्याने ढकलत टेबल चालवणारा क्रुपिए म्हणाला, "पुन्हा लावणार, आजी?"

"कशाला?" डोन्या असुन्ताने पर्स उघडली. "जिंकले ना मी? आता भूक लागलीय."

मागे कितीतरी माणसं हताश होऊन त्यांच्याकडे बघत होती. असं उठता येतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रात्री ते बंदरावरच्या त्याच खानावळीत गेले. वाढप्याने सोनेरी झालरी बघितल्या आणि झुलत्या दाराकडे न बघता त्यांना खिडकीतल्या टेबलावर नेलं, जिथून होड्यांचे दिवे दिसत होते. डोन्या असुन्ताने सगळ्यांसाठी मागवलं : माकूळ, कोळंबी, लसणीतले शिंपले, पांढरी वाइन. लाळेरं नको म्हणून आधीच बजावलं.

ताटं यायला लागली तेवढ्यात शेजारच्या टेबलावर चार खुर्च्या एकदम करकरल्या. नौदलात नुकतेच भरती झालेले चार जवान होते, पांढऱ्या गणवेशात, डोकी नवी भादरलेली. ते ताठ उभे राहिले होते, छाती पुढे, नजर समोर. पुढ्यातल्या माशांची वाफ त्यांच्या हनुवटीपर्यंत येत होती, आणि एकही जण हलत नव्हता.

"ह्यांना काय झालं?" रेमिहिओ कुजबुजला.

"तुझ्यासाठी उभे राहिलेत," नेलिदा म्हणाली. "काहीतरी कर, त्यांचं गार होतंय."

"मी काय करू? मी पँटवाला आहे."

"मग तसं कर."

अठ्ठावीस वर्षांत रेमिहिओसमोर जो कोणी असा ताठ उभा राहिला होता, तो फक्त पायाची आतली लांबी मोजून घेण्यासाठी. तो उठला. कोट खाली ओढून सारखा केला. मग सवयीने त्याची नजर जिथे जायची तिथेच गेली, खाली, चारी जणांच्या पायांकडे, आणि शेवटच्या पोरापाशी येऊन थांबली.

"बसा, पोरांनो," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. "बसा, जेवा. तू थांब. तुझी पँट डावीकडे दोन बोटं आखूड आहे."

"जी, सर!"

"ही काय शिवण आहे? सरकारने काय तुला एकच पाय दिलाय? उद्या सकाळी जाऊन उसवून घे, आणि त्यांना सांग, मापाला माणूस बसवूनही बघायचा असतो."

"कुणी सांगितलं म्हणू, सर?"

रेमिहिओने खिडकीबाहेर, काळ्या पाण्यावरच्या दिव्यांकडे एकदा बघितलं.

"स्कार्पेली," तो म्हणाला, आणि रुमाल सोनेरी बटणांच्या मध्ये खोचून जेवायला बसला.